पाहुणे चार दिवसांचे, हप्ता बारा महिन्यांचा

मैत्रिणींनो, हल्ली चारजणी जमल्या की साडी-दागिन्यांच्या जोडीला एक नवा विषय निघतो. "आम्ही जुळे सोलापुरात ब्लॉक बघून आलो." "आमच्या दिरांनी होटगी रस्त्याला जागा घेऊन ठेवलीय." "अक्कलकोटला जाणाऱ्यांना नुसती एका रात्रीपुरती खोली दिली, तरी हजार-बाराशे सुटतात म्हणे!" यंदाच्या संक्रांतीला माझ्याकडे हळदीकुंकवाला आलेल्या बायकांत तर वाणापेक्षा याचीच चर्चा जास्त झाली.

मी गप्प बसून ऐकत होते. कारण त्याच्या आधीचे पाच-सहा महिने आमच्या घरी हाच घोळ चालला होता. त्या घोळात मला जे कळलं, ते आज तुम्हाला सांगायचं आहे. मी काही या विषयातली तज्ज्ञ नव्हे. बी.ए. झालेली, सकाळच्या शाळेत अर्धवेळ मराठी शिकवणारी आणि उरलेला वेळ उत्तर कसब्यातलं जुनं घर सांभाळणारी एक गृहिणी. पण दूधवाल्यापासून किराण्यापर्यंत सगळे हिशेब आपणच ठेवतो ना? मग घर घेण्याचा हिशेब आपल्याला का जमू नये?

'वहिनी, महिन्याला छत्तीस हजार!'

आपलं सोलापूर गेल्या दोन-तीन वर्षांत बाहेरच्यांच्या नजरेत भरू लागलंय, हे खरं. १० फेब्रुवारी २०२३ ला मुंबईहून 'वंदे भारत' सुरू झाली. जून २०२५ मध्ये होटगी रस्त्याच्या विमानतळावरून गोव्याचं विमान उडालं. आणि देवस्थानांच्या दृष्टीनं पाहिलं, तर सोलापूर म्हणजे चौरस्ताच! अक्कलकोट चाळीस किलोमीटर, तुळजापूर पंचेचाळीस, पंढरपूर सत्तरच्या आसपास, पलीकडे कर्नाटकात गाणगापूर. एक मुक्काम सोलापुरात टाकला की सगळी दर्शनं उरकतात.

त्या विमानाच्या बातमीनंतर श्रावणात एक एजंट आमच्याकडे आले. होटगी रस्त्याकडे दोन बेडरूमचा नवा ब्लॉक, किंमत तीस लाख. "वहिनी, भाडेकरूच्या भानगडीत पडूच नका," ते म्हणाले, "रात्रीच्या हिशेबानं द्या. बाराशे गुणिले तीस, महिन्याला छत्तीस हजार! हप्ता भागून वर उरतील." आमच्या 'ह्यां'चा चेहरा खुलला. खरं सांगते, माझाही खुलला. मनातल्या मनात मी पडद्यांचा रंगसुद्धा ठरवून टाकला!

पण एकदा हात पोळलेले होते. २०१९ साली आम्ही हद्दवाढ भागात एक गुंठा जागा घेतली होती. माझी चार वर्षांची भिशी, शिकवण्यांचे पैसे आणि माहेरच्या दोन पाटल्या. साडेतीन लाख झाले. कागद केला तो नोटरीपुढे. शिक्का लाल, सही झोकदार, म्हणून मला वाटलं, जागा आपली झाली. बांधकामाची परवानगी मागायला गेलो तेव्हा कळलं, की सातबारा सामाईक, जमीन बिनशेती झालेली नाही, रेखांकन मंजूर नाही, आणि नकाशात दाखवलेला रस्ता नकाशातच आहे. विकणारा मध्यस्थ तोवर फोन उचलेनासा झाला. त्या पाटल्या सासूबाईंनी कधी विचारल्या नाहीत, पण सणावारी माझ्या हाताकडे त्यांची नजर जाते, ती मला कळते.

म्हणून या वेळी होकार देण्याआधी मी माहेरी, पंढरपूरला, आईला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "अगं, पाहुणे येतात ते दिवस कळले. बाकीचे दिवस तिथं कोण राहणार?"

आईचा धडा

हा प्रश्न पंढरपूरच्या बाईलाच सुचावा. आज ज्याला 'होमस्टे' म्हणतात, ते आमच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. प्रदक्षिणेच्या वाटेवर आमचा जुना वाडा. आषाढी जवळ आली की आम्ही सगळी माणसं स्वयंपाकघर आणि त्याला लागून असलेली एक खोली एवढ्यात गोळा व्हायचो, आणि पुढची सोपा, माजघर, माडी सगळी वारकऱ्यांना. मराठवाड्यातली एक दिंडी दर वर्षी आमच्याकडेच उतरायची. आजोबांच्या वेळेपासून तीच माणसं. म्हाताऱ्या गेल्या, की त्यांच्या सुना यायच्या. कसला कागद नाही, आगाऊ रक्कम नाही. जाताना ठरलेले पैसे देवापुढे ठेवायचे आणि "पुढच्या वारीला येतो" म्हणायचं.

लहानपणी मला वाटायचं, किती सोपे पैसे हे! आईला मात्र त्याची किंमत ठाऊक होती. आठ दिवस आधी हौद घासून भरायचा. वाकळा, चटया मोजून ठेवायच्या. दिंडी असेपर्यंत मोरीवर रांग, अंगणात चुली, रात्री-अपरात्री दार उघडायचं. ती गेली की पुढचे चार दिवस फिनेल, चुना आणि धुणं. एका वर्षी तर आईला ताप भरला होता, तरी ती उकिडवी बसून अंगण घासत होती.

त्या पैशांत वर्षाची ज्वारी-गहू भरले जायचे आणि आम्हा भावंडांच्या वह्या-पुस्तकांचं भागायचं. पण घर त्यावर चालत नव्हतं. घर चालायचं ते मागच्या दोन खोल्यांवर. तिथं बारा महिने एक शिक्षक कुटुंब भाड्यानं राहायचं. भाडं थोडं, पण पहिल्या तारखेला हातात. आई म्हणायची, "वारी ही वरकड. पोट महिन्याच्या भाड्यावर." चैत्री, आषाढी, कार्तिकी, माघी अशा चार मोठ्या वाऱ्या ज्या गावात भरतात, तिथली बाई हे सांगत होती. मग आम्ही सोलापुरात कुणाच्या भरवशावर तीस रात्री धरत होतो?

कॅलेंडर आणि लाल पेन्सिल

त्या रात्री मुलं झोपल्यावर मी कॅलेंडर उतरवलं आणि लाल पेन्सिल घेऊन बसले. पाहुणे कधी येतील? जानेवारीत सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याचे चार-पाच दिवस. चैत्रात स्वामींचा प्रकटदिन आणि पुण्यतिथी. आषाढीचे दिवस, गुरुपौर्णिमा, नवरात्र. कोजागिरीला सोलापुरातून तुळजापूरला पायी जाणाऱ्यांची रीघ लागते, ते दोन दिवस. दत्तजयंती, नाताळची सुट्टी आणि काही शनिवार-रविवार. बाकी कॅलेंडर पांढरंच! त्यात आपला उन्हाळा. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हात हौसेनं कोण येणार? शिवाय अक्कलकोट, पंढरपूरला मोठे भक्तनिवास आहेत. भाविकाला देवळाजवळ स्वस्तात खोली मिळाली, तर तो आपल्या ब्लॉकवर कशाला येईल?

आता पैशांचा हिशेब. आकडे मी उदाहरणादाखल घेतलेत, तुम्ही तुमचे घालून पाहा. समजा, रात्रीचे १,२०० रुपये मिळतात. त्यातून गिऱ्हाईक मिळवून देणाऱ्याची दलाली १८०. चादरी, टॉवेल धुणं आणि बाईकडून सफाई २५०. वीज, पाणी, चहा १२०. उरले ६५०. हे पाहुणा आला तर. तो येवो न येवो, सोसायटीचा मेंटेनन्स १,०००, इंटरनेट वगैरे ८००, आणि गाद्या, नळ, गीझर यांच्या मोडतोडीसाठी बाजूला टाकायचे ७००. म्हणजे महिन्याला २,५०० ठरलेलेच.

महिन्यात नऊ रात्री भरल्या, तर ५,८५० मधून २,५०० जाऊन हाती ३,३५०. तोच ब्लॉक वर्षाच्या कराराने ९,००० रुपये भाड्यानं दिला, तर मेंटेनन्स जाऊन ८,०००! तेवढेच पाहुण्यांकडून मिळवायचे, तर दर महिन्याला सतरा रात्री भरायला हव्यात. 'हे' म्हणाले, "दर महिन्याला गड्डा कुठून आणायचा?" शिवाय पाहुण्यांसाठी पलंग, कपाट, कूलर, भांडी घ्यायचा खर्च आधी करायचा, तो या हिशेबात मी धरलेलाच नाही.

आणि बँक? वीस लाखांचं कर्ज, आठ टक्के व्याज, वीस वर्षं मुदत धरली, तर हप्ता सुमारे १६,७०० रुपये. तो रिकाम्या महिन्यातही चुकत नाही. नऊ हजारांच्या भाड्यातही तो भागत नाही, हे नीट ध्यानात घ्या. भाड्यातून हप्ता फिटतो, असं कुणी सांगितलं तर त्याच्यापुढे कागद-पेन्सिल ठेवा.

एक गोष्ट कुठल्याच हिशेबात कुणी लिहीत नाही. ती म्हणजे आपण! रात्री अकराला गाडी येणार, किल्ली कोण देणार? सकाळी सहाला गरम पाणी आलं नाही, फोन कुणाला येणार? चादरी मोजून कोण घेणार? घरातली सगळी माणसं "आपण करू" म्हणतात, त्यातल्या 'आपण'चा अर्थ नव्वद टक्के 'ती करील' असाच असतो. करायला हरकत नाही. पण त्या कष्टाचे पैसे धरा आणि मग फायदा मोजा.

वस्ती वाढतेय, पण पाणी?

"हा भाग आता वाढतोय," हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. वाढतो, नाही असं नाही. पण वाढायला किती वर्षं लागतात? बाळे, केगाव, देगाव, सोरेगाव, शेळगी ही गावं १९९२ साली महापालिकेच्या हद्दीत आली. कागदावर शहर एका दिवसात वाढलं, पण ड्रेनेज, रस्ते आणि दिवाबत्तीसाठी तिथल्या बायकांनी कितीतरी वर्षं वाट पाहिली. स्वस्त घर म्हणजे कधी कधी आपण ती वाट पाहण्याची किंमत भरत असतो.

सगळ्यात आधी पाणी. उजनीचं पाणी शंभराहून अधिक किलोमीटरच्या नळातून आपल्यापर्यंत येतं, आणि नळाच्या पाळीवर आपलं सगळं वेळापत्रक, हे सोलापूरकरणीला सांगायला नको. ब्लॉक पाहायला जाल तेव्हा टाइल्स, खिडक्या मागाहून बघा. आधी शेजारणीला विचारा, "पाणी कितव्या दिवशी येतं? किती वेळ? टँकर किती वेळा लागतो?" बिल्डर सांगणार नाही ते ती सांगते. आणि लक्षात ठेवा, घरचा माणूस अर्ध्या बादलीत भागवतो, पैसे दिलेला पाहुणा भागवत नाही.

विमानतळाच्या आसपास घेणार असाल, तर इमारतीच्या उंचीचा परवाना आहे का, ते पाहा. विमानाच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली गेली, ती आपण सगळ्यांनी पाहिली.

नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे

हे वाक्य मी साडेतीन लाख रुपये देऊन शिकले, तुम्ही फुकट घ्या. घर किंवा जमीन आपल्या नावावर होते ती दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदलेल्या खरेदीखतानं. नोटरीचा शिक्का म्हणजे मालकी नव्हे. गुंठ्यागुंठ्यानं विकलेल्या जागा नियमित करण्यासाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आहे, आणि २०२१ साली तो ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या रेखांकनांना लागू केला. त्यामुळे आम्हीही अर्ज केलाय. पण त्यासाठी शुल्क, मोजणी, हेलपाटे आलेच. तेव्हा "गुंठेवारी होऊन जाईल" या बोलीवर नवी जागा घेऊ नका.

नव्या इमारतीत ब्लॉक घेत असाल, तर 'महारेरा'चा नोंदणी क्रमांक मागा आणि मोबाइलवर स्वतः तपासा. नोंदलेला करार होण्याआधी बिल्डरला किंमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. आणि भाव विचारायचा तो चटईक्षेत्रावर, म्हणजे भिंतींच्या आतल्या, आपल्याला प्रत्यक्ष वापरायला मिळणाऱ्या जागेवर.

आता खास आपल्यासाठी. राज्य सरकारने २०२१ पासून फक्त स्त्रीच्या नावावर घर घेतलं, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट दिली आहे. नवरा-बायकोच्या जोडनावाला ती मिळत नाही. सुरुवातीला असं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकता येणार नाही, अशी अट होती. ती २०२३ साली काढली. अठरा लाखांच्या घरावर ही सूट अठरा हजारांची होते. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दारावरचं नाव! ज्या पाटल्या गेल्या, त्यांच्या जागी निदान कागदावर आपलं नाव यावं, असं मी 'ह्यां'ना सरळ सांगितलं. सासूबाई आत भाकऱ्या थापत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "तिच्याच नावावर घ्या."

शेवटी आम्ही काय केलं

तीस लाखांचा ब्लॉक सोडला. दिवाळीच्या पाडव्याला जुळे सोलापुरात एका बेडरूमचा, दहा वर्षं जुना ब्लॉक अठरा लाखांना घेतला. सासऱ्यांच्या पश्चात आलेली ठेव आणि आमची बचत मिळून आठ लाख, बाकी दहा लाख कर्ज. पंधरा वर्षांचा हप्ता साडेनऊ हजारांच्या आसपास. डिसेंबरपासून तिथं इस्पितळात काम करणारी एक परिचारिका आणि तिचा नवरा राहतात, भाडं साडेसहा हजार. म्हणजे वरचे तीन हजार आम्ही घालतो. ते आमच्या आवाक्यातले आहेत, एवढाच त्यातला शहाणपणा.

करार अकरा महिन्यांचा, नोंदवून केला. "ओळखीचे आहेत, कागद कशाला?" असं म्हणू नका. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. न नोंदवल्यास दंड किंवा कैदही होऊ शकते, आणि वाद झाला तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यातही दिली.

आणि पाहुणे? ती हौस आम्ही उत्तर कसब्यातल्या घराच्या माडीवर भागवली. दोन खोल्या सामानानं भरलेल्या होत्या, त्या रंगवून घेतल्या. यंदा गड्ड्याला ओळखीतून आलेली दोन कुटुंबं तीन रात्री राहिली. नंदीध्वजांची मिरवणूक पाहायला त्यांना लांब जावं लागलं नाही. निघताना कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली, तर त्या ताई म्हणाल्या, "पुढच्या वर्षी खोली आम्हालाच ठेवा हं!" मला एकदम आमची दिंडी आठवली. इथं रिकाम्या दिवसांची धास्ती नाही, कारण या खोल्यांवर हप्ता नाही.

हे नेहमीचं करायचं, तर पर्यटन संचालनालयाकडे 'निवास व न्याहारी' योजनेत नोंदणी करावी लागते. २०२३ साली जाहीर झालेल्या 'आई' या महिलांसाठीच्या पर्यटन धोरणात स्त्रीच्या मालकीच्या अशा व्यवसायाला पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज बारा टक्क्यांच्या मर्यादेत परत मिळण्याची सोय आहे. सात वर्षं किंवा साडेचार लाख रुपये, यातलं जे आधी होईल तोवर. व्याज आधी आपण भरायचं, मग ते परत मिळतं. मी कागद जमवते आहे.

घर पाहायला जाताना

एवढे प्रश्न चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवा:

१. पाणी कितव्या दिवशी येतं? टाकी केवढी आहे? उन्हाळ्यात टँकर लागतो का?
२. जमीन बिनशेती आहे का? रेखांकन, बांधकाम परवाना, वापर परवाना दाखवता का?
३. मागच्या तीस वर्षांच्या मालकीचा शोध वकिलाकडून घेतला का?
४. पाहुण्यांना रात्रीच्या हिशेबानं घर द्यायला सोसायटीची लेखी परवानगी आहे का?
५. सहा महिने घर रिकामं राहिलं, तर हप्ता कशातून भरायचा?
६. पाहुण्यांचं सगळं करणार कोण, आणि त्या कष्टाचे पैसे कुणाच्या खात्यात जाणार?
७. घर कुणाच्या नावावर?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून द्यायचं. ते मिळेपर्यंत एजंटला चहा जरूर द्या, विसार मात्र देऊ नका!

परवा आईचा फोन आला होता. तिनं विचारलं, "काय गं, तुझ्या ब्लॉकचं भाडं आलं का?" म्हटलं, "आलं, एक तारखेला." ती म्हणाली, "मग बरोबर केलंस. आता आषाढीला चार दिवस ये. माडी भरलीय, वाकळा मोजायला माणूस हवंय!"